वर म्हणजे कुणीकडं?

चूक माझी नव्हती. हे मी कितीतरी वर्षं सांगत आलेय आणि आमच्या घरात ते कुणी मान्य करत नाही. विषय निघाला की नवरा हसू लपवायला पेपर तोंडापुढं धरतो. म्हणून एकदा सगळं नीट लिहूनच काढते. वाचणाऱ्यानं काय ते ठरवावं.

मी मूळची निपाणीची. आप्पा शाळेत भूगोल शिकवायचे. आमच्या भिंतींवर देवांच्या तसबिरी कमी आणि नकाशे जास्त. इतर मुली फुगड्या घालायच्या त्या वयात मी नकाशापुढं उभी राहून 'उत्तर वर, दक्षिण खाली' असं घोकत होते. पुढं हट्टानं भूगर्भशास्त्र घेतलं, एम.एस्सी. झाले, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन बेळगावला लागून असलेल्या पिरनवाडीत आले. नवरा टेलिफोन खात्यात, घरची थोडी भातशेती. दगडांचं शिकलेली सून आलीय म्हटल्यावर पहिल्याच आठवड्यात शेजारचे लोक विहिरीला पाणी कुठं लागेल ते विचारायला दारात हजर. मला काही सांगता येईना. त्या दिवशी गल्लीत माझी किंमत जी उतरली, ती काही वर्षं चढली नाही.

"मग दगड शिकून करतीस काय गं?" आत्तींनी विचारलं. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या भागात सासूला आत्तीच म्हणतात.

करत होते ते असं. बेळगावातल्या एका कॉलेजात मी शिकवत होते, पण टेंपररी. येत्या जूनमध्ये ती जागा कायम होणार होती. तोवर एम.फिल. हातात असेल तर जागा माझी. नसेल तर दुसरा एक उमेदवार टपूनच बसला होता. अशी जागा पुन्हा निघेल तेव्हा माझे केस पिकलेले असतील, हे मला स्वच्छ दिसत होतं. शिकवायला मला मनापासून आवडायचं. ते सोडून घरी बसायची वेळ आली तर मी आणि घरचे, दोघांचंही काही खरं नव्हतं.

एम.फिल.चा विषय सरांनी दिला. सर म्हणजे माझे मार्गदर्शक. हुशार, तिरसट, आणि चहात दोनदा साखर घालून वर 'गोड का झाला' म्हणून विचारणारे. विषय होता दगडातलं चुंबकत्व. समुद्राच्या तळाशी गाळ बसतो, त्यात लोखंडाचे बारीक कण असतात. बसता बसता ते पृथ्वीच्या चुंबकाप्रमाणं तोंड करतात आणि गाळाचा दगड झाला की तसेच अडकतात. कोट्यवधी वर्षांनी तो दगड यंत्रात घालून मोजला की त्या काळची उत्तर कुठं होती ते कळतं. इथवर सगळं सरळ. पण त्या सुमाराला परदेशी मासिकांत वेगळाच सूर निघायला लागला होता. जमीन दाबली जाऊन डोंगर उभे राहतात तेव्हा दगड तापतात, त्यांच्या बारीक फटींतून गरम खारं पाणी ढकललं जातं आणि त्यामुळं दगडाच्या पोटात लोखंडाचे नवेच कण तयार होतात. हे नवे कण त्या वेळच्या उत्तरेकडं तोंड करतात. जुनी दिशा पुसली जाते. म्हणजे दगड जन्मल्या वेळची म्हणून आपण जी दिशा मोजतो, ती डोंगर घडताना मधेच कधीतरी धरलेली असू शकते.

सरांना हे अजिबात पटत नव्हतं. "आपल्याकडचे दगड इमानी आहेत," ते म्हणायचे. ते मी मोजून दाखवायचं होतं.

तपासायची युक्ती मी आत्तींना भाकरी थापताना समजावून सांगितली. लुगड्यावर आधी फुलं छापली आणि मग निऱ्या घातल्या, तर निरीनिरीवर फुलं वाकडी दिसतात आणि लुगडं उलगडलं की सरळ होतात. पण समजा निऱ्या घातल्यावर वरून छाप मारला, तर? निऱ्या आहेत तोवर फुलं सरळ, आणि उलगडलं की सगळा घोटाळा. डोंगरातले वाकलेले थर म्हणजे निऱ्या, चुंबकाची दिशा म्हणजे छाप. टेकडीच्या दोन्ही उतारांवरचे दगड आणायचे, दिशा मोजायच्या आणि कागदावर टेकडी उलगडून बघायची.

"निऱ्या घातल्यावर छाप मारणारा कोण शाना?" आत्ती म्हणाल्या. "लुगडं नासवायचं काम."

तरी त्यांना विषय कळला होता. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना तो कळला नसता.

गोकाकच्या पलीकडं, घटप्रभेच्या खोऱ्यात, चुनखडीची अशी एक वाकलेली टेकडी सरांनी हेरून ठेवली होती. दिवाळी सरल्यावर मी तिकडं जायचं म्हणाले. एकटीनं कसं जायचं, मुक्काम कुठं, लोक काय म्हणतील, अशी घरात चर्चा सुरू झाली. चर्चा रंगात यायच्या आत आत्तींनी डबा बांधायला घेतला.

"मी येतो बरोबर." आमच्याकडं बायकाही 'येतो, जातो'च म्हणतात. माझं निपाणीच्या मास्तरांच्या घरचं 'येते, जाते' आत्तींना नाटकातलं वाटायचं.

काम किचकट नव्हतं, पण जपून करायचं होतं. दगडाच्या सपाट पाठीवर होकायंत्र ठेवायचं, लाल ऑइलपेंटनं उत्तरेकडं बाण काढायचा, नंबर घालायचा आणि मगच छिन्नी लावून तो तुकडा काढायचा. बाण हुकला की त्या दगडाला कशाचीच किंमत नाही, नुसता धोंडा. फोडायला गावातला एक गडी मिळाला होता.

पहिल्याच दिवशी दुपारी गावातली पाचसहा माणसं काठ्या घेऊन टेकडीवर आली. बेळगावहून दोन मराठी बायका आल्यात आणि दगडांवर लाल बाण काढत सुटल्यात, ही बातमी गावभर झाली होती. सीमा आखायला आलाय का, असा त्यांचा सवाल. आमच्या भागात दगडाविषयी बोललं तरी सीमाप्रश्न निघतो, त्यात नवल नाही. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये पृथ्वीचं चुंबकत्व समजावायला लागले, तशी माणसं आणखीच बिथरली. मग आत्ती पुढं झाल्या. खणखणीत कन्नडमध्ये त्यांनी सांगितलं की ही माझी सून, परीक्षेला बसलीय, आणि दगड नेऊन दिल्याशिवाय हिचा मास्तर हिला पास करत नाही. झालं! मंडळी हळहळली. असला कसला मास्तर म्हणून सरांचा उद्धार झाला. जाताना एकानं दगडांचं पोतं रस्त्यापर्यंत पोचवून दिलं.

पूर्वेकडचा उतार मी स्वतःच्या हातानं पुरा केला. पश्चिमेकडच्या उताराला लागायचं त्या दिवशी सकाळीच माझा पाय मुरगळला. घोटा टम्म सुजला. मी टेकडीच्या पायथ्याशी बाभळीखाली बसून कण्हत होते आणि दुसऱ्या दिवशी परतायचं होतं.

"बाणच काढायचाय की," आत्ती म्हणाल्या. "जल्मभर रांगोळ्या काढल्या मी. आण ती रंगाची बरणी."

मी होकायंत्र त्यांच्या हातात दिलं. सुई कशी बघायची ते सांगितलं. ते त्यांनी सुपारीच्या पिशवीत टाकून ठेवलं, हे मला फार पुढं कळलं. काचेत थरथरणाऱ्या वस्तूवर त्यांचा विश्वास नव्हता. उतारावर जाऊन त्यांनी मला हाक मारली, "कुणीकडं काढू गं?"

आणि मी, आप्पांची लेक, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "वरच्या दिशेला काढा! सगळे बाण वर!"

"वरच न्हवं?"

"वरच!"

एवढंच झालं. आता यात माझं काय चुकलं ते सांगा.

संध्याकाळपर्यंत गड्यानं पोतं भरून दगड खाली आणले. एकेक हातात घेऊन बघितला. नंबर ठळक, बाण सुरेख, टोकाला रांगोळीसारखा ठिपका. मला भरून आलं. गाडीत बसल्यावर मी आत्तींना म्हटलं, एम.फिल.मध्ये तुमचे आभार छापणार. "नाव नको घालू," त्या म्हणाल्या. "पावण्यांत हसं हुईल."

मोजायचं यंत्र लांबच्या शहरात होतं. सरांनी ओळख काढून तिथं थोड्या दिवसांची पाळी मिळवली. दगड कापून मोजून झाले, आकडे आले, आणि मार्चमध्ये सरांच्या खोलीत आम्ही आलेख काढायला बसलो. पूर्व उताराच्या सगळ्या दिशा एका गठ्ठ्यात आल्या. छान. पश्चिम उताराच्याही एका गठ्ठ्यात आल्या, पण तो गठ्ठा कुठल्या कुठं! टेकडी उलगडून बघितली, जुळेना. न उलगडता बघितली, तरी जुळेना. जणू दोन दिशांना तोंडं फिरवून बसलेल्या जावा.

"पश्चिमेकडचे बाण कुणी काढले?" सरांनी विचारलं.

"सासूबाईंनी."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ते दगड फेकून द्या."

फेकून द्या म्हणायला काय जातं? एका उतारावर निऱ्या कशा तपासायच्या? दोन्ही बाजू हव्यात. पुन्हा जाऊन आणावेत तर यंत्राची पाळी पुन्हा वर्षभर मिळणार नव्हती, आणि दगडांचंही काही उरलं नव्हतं. गावातल्या माणसाकडून कळलं होतं की चुनाभट्टीवाल्यानं तो उतार पार खणून नेला. जून तोंडावर.  कायम होणारी जागा, माझा वर्ग, सगळं त्या दुसऱ्या उमेदवाराच्या खिशात जाताना दिसायला लागलं.

एक गोष्ट मात्र टोचत होती. बाण अंदाधुंद काढले असते तर दिशा चहूकडं विखुरल्या असत्या. या तर एकजुटीनं चुकल्या होत्या.

घरी येऊन मी भांडी आपटली. आत्तींशी दोन दिवस धड बोलले नाही. त्यांनी कारण विचारलं नाही, तेही मला झोंबलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या, मी परात घासत होते. त्या म्हणाल्या, "वरलं दार लोट गं. डोळ्यात ऊन आलंय."

आमच्या घराला दोन दारं, वरलं आणि खाललं. लग्न झाल्यापासून मी ते वरलं दार लोटत होते. त्याला एक पायरी जास्त होती, म्हणून ते वरलं, असं मी धरून चालले होते. संध्याकाळची वेळ, डोळ्यात ऊन, आणि वरलं दार. परात हातातून सुटली.

"आत्ती, वर म्हणजे कुणीकडं?"

"वर म्हंजे वर. येडी झालीस व्हय?" त्यांनी मावळत्या उन्हाकडं हात केला. "ते वर. आनि ते खाली." दुसरा हात पूर्वेला.

"अहो, वर म्हणजे उत्तर! नकाशात उत्तर वर असते!"

"नकाशा भित्तीवर असतोय. टेकडी काय भित्तीवर टांगल्याली हुती?"

मला हसावं की रडावं कळेना. सगळ्या मुलखाचा उतार पूर्वेकडं, नद्या पूर्वेला वाहणार, सह्याद्री पश्चिमेला. मग चढाकडं ते वर, पाणी जातं ते खाली. साधी गोष्ट. आणि मी ओरडले होते, सगळे बाण वर.

दुसऱ्या दिवशी धावत सरांकडं गेले. "सर, ते बाण पश्चिमेचे आहेत! पश्चिम धरून मांडून बघू या!"

सर उखडले. "आज पश्चिम धराल. नाही जुळलं तर उद्या वायव्य धराल. जुळेल तिथं थांबाल. याला संशोधन म्हणत नाहीत, जुळवाजुळवी म्हणतात." मला राग आला, पण ते बरोबर बोलत होते, त्यामुळं जास्तच आला. मग ते जरा निवळले. "आधी त्यांची 'वर' मोजायची. गणित नंतर. आणि मोजणार मी. जुळलं नाही, तर विषय संपला."

ऐन मे महिन्यात आम्ही तिघं त्या टेकडीवर गेलो. सर टोपी घालून, आत्ती डोक्यावर पदर आणि हातात छत्री घेऊन, आणि मी दोघांच्या मधे जीव मुठीत धरून. पश्चिमेचा उतार खरोखरच नाहीसा झाला होता. त्याच्या कडेचा माथा तेवढा शिल्लक होता. सरांनी आत्तींना खडू दिला. मग त्यांना भलत्या दिशेला तोंड करून उभं केलं, गोल फिरवलं, थोडं चालवलं, आणि एका दगडाकडं बोट दाखवून म्हणाले, "बाई, वर बाण काढा."

"मास्तर, मला चक्कर आली म्हंजे खांद्यावर घेऊन जाणार काय?" आत्ती म्हणाल्या आणि बाण काढला. सरांनी मोजला. पुन्हा दुसरीकडं नेलं, पुन्हा फिरवलं, पुन्हा बाण. दर वेळी मी सरांच्या तोंडाकडं बघत होते. बाण सगळे एकाच दिशेला जात होते, यात शंका नव्हती. पण सरांच्या कपाळावर आठी होती.

"ही पश्चिम नाही," ते म्हणाले. "नैऋत्य आहे. तुम्ही तर पश्चिम म्हणाला होतात."

मी आत्तींकडं वळले. "आत्ती, घरात तुम्ही दाराकडं हात केला होता की!"

"दाराला नाव लागतंय म्हणून वरलं म्हंतात," आत्ती वैतागून म्हणाल्या. "दार असंल तिथं दार. उघड्या माळावर दार कुठाय? हितनं वर म्हंजे ते." खडूच्या हातानं त्यांनी क्षितिजावरची खिंड दाखवली. आमची बस त्याच खिंडीतून आली होती. "त्या वाटंनं बेळगाव. बेळगावाम्होरं खानापूर. खानापुरास्नं आत, रानाच्या कडंला माझं म्हायेर."

 मग सरांनी तो प्रश्न विचारला, ज्याची मला भीती होती. "बाई, आज तुम्ही तिकडं बाण काढलात. पण त्या दिवशी, त्या प्रत्येक दगडावर, तिकडंच काढला होता कशावरून?"

मला वाटलं, आत्ती आता फणकारणार. पण त्या फणकारल्या नाहीत. छत्री मिटून दगडावर बसल्या.

"मास्तर, आई गेली तवा मला सांगावा उशिरा आला. मी पोचस्तवर सगळं उरकलं हुतं. तोंड बघाय मिळालं न्हाय. तवाधरनं जिथं जातो तिथं पैलं तिकडं बघतो. आता तिथं कोण न्हाय माझं. तरी मान वळतीच. मी ठरवून करतो व्हय? दुसरीकडं बाण काढीन कसा?"

एवढी वर्षं एका चुलीपाशी वावरून मला हे माहीत नव्हतं. मी त्यांच्या बाणांना शिव्या घालत भांडी आपटली होती.

सरांनी कोन लिहून घेतला.  एका चिंचेच्या सावलीत बसून त्यांनी पिशवीतून आलेखाचा कागद काढला, त्यावर पश्चिमेचा गठ्ठा उतरवलेला ट्रेसिंग पेपर ठेवला, मधोमध टाचणी टोचली आणि मोजलेल्या कोनाइतका तो पेपर हळूहळू फिरवला. गठ्ठा सरकत सरकत गेला आणि पूर्वेच्या गठ्ठ्यावर जाऊन बसला. टेकडी न उलगडता. आहे तशी, वाकलेलीच. मग सरांनी टेकडी उलगडून बघितली, तर दोन्ही गठ्ठे पुन्हा फाकले.

निऱ्या घातल्यावर छाप मारलेला होता.

"मेलो!" सर म्हणाले आणि मोठ्यांदा हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. "माझे इमानी दगड बेइमान निघाले की हो. लिहा तुमचं एम.फिल. जूनच्या आत देऊन टाका."

मी उड्या मारायच्या बाकी होते. सर इतके खुशीत आले की डब्यातली चटणी-भाकरी खाता खाता आत्तींना सगळं समजावायला लागले. पायाखालच्या चुनखडीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, हा दगड समुद्रात जन्मला तेव्हा त्याला त्याची एक दिशा होती. पुढं डोंगर घडायला लागला. चहूबाजूंनी दाब आला, ताप सोसला, वाकला. त्यात तो आपली जुनी दिशा विसरून गेला आणि नवी धरली. आता मोजली तर नवीच सापडते."

आत्ती दगडाकडं बघत राहिल्या. मग त्यावरून त्यांनी तळवा फिरवला.

"सगळी इसरला?"

"सगळी."

"बरं हाय बाई त्याचं," आत्ती म्हणाल्या.

मी त्यांचा खडूनं माखलेला हात धरला आणि हमसून रडायला लागले. सरांना वाटलं, जागा वाचली म्हणून रडतेय.